वळवाला कशाला नावं ठेवता?



गेल्या महिन्यात आमच्या पुतण्यानं या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. पांढरी कॅम्पर गाडी, टपावर उलटं पडलेलं फाटकं कापड, आणि ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या कोपरात मोडल्यासारख्या वाकलेल्या. खाली त्यानं लिहिलं होतं, 'काकतीच्या वळवाचा प्रसाद. निसर्गापुढे माणूस किती छोटा!' त्यावर बासष्ट जणांनी लिहिलं. मी सगळं वाचलं, रिटायर्ड माणसाला दुसरं काम काय? बहुतेकांनी वाऱ्याला दोष दिला. आठदहा जणांनी माल बनवणाऱ्याला. दोघांनी विम्याचं विचारलं. एकानं तर 'वास्तू बघून गाडी लावायला हवी होती' असं लिहिलं. ज्यानं ते कापड उघडं ठेवलं त्याला कुणी चकार शब्दानं बोललं नाही. आणि त्या कापडाखाली त्या वेळी कोण बसलं होतं, हेही कुणी विचारलं नाही.

मी बसलो होतो. म्हणून लिहितोय. लांब होईल, पण आता बोलायचं तर पुरतं बोलतो. पुतण्याला आधी वाचून दाखवलंय. थोडा फुगलाय, पण 'टाका काका' म्हणाला.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. कॅम्पर म्हणजे आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी असलेली गाडी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्या पुण्या-मुंबईच्या पोरांमध्ये हे खूळ वाढलंय. खूळ म्हणतोय, पण मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. गाडीच्या एका अंगाला वर एक लांब पेटी असते. तिच्यातून हँडल फिरवलं की गुंडाळलेलं कापड बाहेर येतं, पुढं दोन पाय खाली सोडायचे, झाली सावली. इंग्रजीत ऑनिंग. आमची अक्का पहिल्यांदा बघून म्हणाली, 'अगोबाई, गाडीला पडवी!' तर आता मी पडवीच म्हणतो.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. पुतण्या, सूनबाई, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि सूनबाईंचे आईवडील असे पुण्याहून निघाले, हत्तरगीचा टोल ओलांडून वंटमुरीचा घाट उतरून दुपारी काकतीला पोचले. घरात पंखे, पलंग, सगळं असताना मुक्काम मात्र शेतात. कारण गाडी. आम्ही म्हातारी मंडळी मग त्यांच्याकडे पाहुणे म्हणून शेतात गेलो! मी, आमची ही, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची अक्का. गाडी बांधाला लावलेली, तोंड बेळगावकडे, म्हणजे दक्षिणेला. पडवी डाव्या अंगाला, म्हणजे उगवतीला उघडलेली. दुपारनंतर ऊन मावळतीचं, त्यामुळं सावली त्याच बाजूला पडणार. बरोबरच होतं ते. पडवीचे पुढचे दोन पाय नांगरून ठेवलेल्या रानात. त्यांना बरोबर आलेल्या वीतभर तारेच्या मेखा, त्याही उभ्या ठोकलेल्या. हातानं उपसून निघाल्या असत्या.

साडेतीन-चारची वेळ. उकाडा असा की सदरा पाठीला चिकटलेला. पान हलत नव्हतं. चिरमुऱ्यांची भेळ झाली होती, चहा ठेवला होता. उगवतीला ढग कापसाच्या गाठोड्यासारखे वर वर चढत होते, खालून काळेनिळे. शेजारच्या रानातला शेतकरी बैल घेऊन बांधावरून चालला होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, कापडाकडे बघितलं आणि थांबून म्हणाला, 'साहेबरं, गाळी बरतैत्री.' वारा येतोय, साहेब. मी पुतण्याला सांगितलं, 'हे गुंडाळ बघू.' तो म्हणाला, 'काका, पाच मिनिटं. चहा होऊ दे. हे चांगलं मजबूत आहे, बाहेरून मागवलंय.' व्याही म्हणाले, 'अहो, थोडी हवा सुटली तर बरंच की.' आणि मी काय केलं? मी चहाचा कप घेतला.

चहा संपला नाही. आधी एक गार झुळूक आली, मातीचा वास घेऊन. अक्का म्हणाली, 'गार वाटलं बाई.' मग कागदी ताटल्या उडाल्या. मुलगी हसत त्यांच्या मागं धावली. मग समोरच्या रानातून धुळीची भिंतच आली. कापड एकदा खाली दबलं, मग फुगलं, आणि पुतण्या आणि व्याही दोघं दोन पायांना लोंबकळले. मेखा गवत उपटावं तशा उपटल्या. व्याह्यांच्या हातातून पाय सुटला, पडवी पुरती वर उठून टपावर उलटली, आणि तो सुटलेला पाय फिरताना ताटली धरून परत येणाऱ्या त्या पोरीच्या कपाळाला लागला. डाव्या भुवईच्या वर. पाच टाके पडले. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता. अक्काची खुर्ची अक्कासकट मागं कलंडली, सुदैवानं मऊ ढेकळांत.

हे फोटोत नव्हतं. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेला, छान उन्हात.

आता मला सांगा, यात वळवाचा काय गुन्हा? 'अचानक आला' म्हणे. सगळे हेच म्हणतात. लग्नाचा मंडप पडला की अचानक, गणपतीचं छत फाटलं की अचानक, पत्रे उडाले की अचानक. मंडळी, वळवाइतका सांगून सवरून येणारा पाहुणा दुसरा नाही. मोसमी पाऊस एखाद वेळी हुलकावणी देईल, वळीव देत नाही. चैत्र-वैशाखात दुपारभर तापलं, पान हलेनासं झालं, उगवतीला ढगांचे मनोरे चढले, की चार ते सहाच्या दरम्यान काहीतरी होणार हे आमच्या भागात शाळेतल्या पोरालाही कळायचं. आणि पाऊस यायच्या आधी जी गार झुळूक येते, ती त्याची शेवटची नोटीस. वर ढगात पाऊस पडताना गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. ती पावसाच्या पुढं धावते. म्हणजे झुळूक गार लागली, की मागून वारा आलाच. त्या दिवशी आम्हाला ढगानं सांगितलं, उकाड्यानं सांगितलं, शेजाऱ्यानं थांबून तोंडानं सांगितलं, झुळुकेनं सांगितलं. चार नोटिसा. बँकेत एवढ्या नोटिसांनंतर आम्ही जप्तीला जायचो.

शिवाय आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. हवामान खात्याचे जिल्हावार इशारे येतात, विजेसाठी पुण्याच्या संस्थेनं काढलेलं 'दामिनी' आहे. पुतण्याच्या फोनवर ते होतंही. पण त्या वेळी त्या फोनवर गाणी चालू होती.

एक गोष्ट मात्र मला नंतर विचार करताना सुचली, ती गाडीवाल्यांनी ऐकून ठेवावी. दुपारनंतर सावली उगवतीच्या बाजूला पडते, म्हणून पडवी तिकडे उघडतात. आणि आमच्याकडे वळीव बहुधा उगवतीकडूनच चढतो. म्हणजे सावलीची बाजू आणि वाऱ्याची बाजू एकच! गाडी ही मागची भिंत. समोरून शिरलेल्या वाऱ्याला मागून बाहेर पडायला जागाच नाही, मग तो कापडाला वर उचलणार नाही तर काय करणार? पिशवीचं तोंड वाऱ्याकडे धरल्यासारखं होतं ते. जूननंतर उलटं होतं. मोसमी वारा मावळतीचा, एका दिशेचा, तेव्हा गाडीची पाठ त्याला देऊन आडोशाला पडवी उघडली तर निभावतं. कोकणात मालवण-वेंगुर्ल्याला गाड्या घेऊन जाणाऱ्यांनी शाळेतला भूगोल आठवावा. दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई. किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून पडवी उघडायची हौस सगळ्यांना, आणि तोच वाऱ्याचा दरवाजा.

आता हिशेब. मी कॉमर्सचा माणूस, इंजिनीअर नव्हे. पण गुणाकार येतो. इमारतींवर वाऱ्याचा जोर किती धरायचा यासाठी आपल्याकडे भारतीय मानक ८७५ आहे, त्याचा तिसरा भाग वाऱ्याचा. त्यात सोपं सूत्र आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर तो घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ नं गुणायचं. आला एका चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. पुतण्याची पडवी ३ मीटर लांब, अडीच मीटर बाहेर, म्हणजे साडेसात चौरस मीटर. ढोबळ हिशेब असा: ताशी ३० किलोमीटर वाऱ्याला त्या कापडावर ३२ किलोचा जोर. ताशी ६० ला ६४ नव्हे, १२७. ताशी ९० ला २८६. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. चक्रवाढ व्याजापेक्षा वाईट! वळवाच्या झोताला ताशी साठ ही काही मोठी गोष्ट नाही. कापड आणि नळ्या मिळून वजन पंचवीसेक किलो, त्याला खाली धरून ठेवणाऱ्या चार तारा मऊ रानात. आणि दोन माणसं लोंबकळलेली, त्यातले एक बाहत्तर वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे.

म्हणून जे लिहितात ना, 'अजून भारी क्वालिटीचं घ्यायला हवं होतं', त्यांना माझं सांगणं, भारी घेऊन होणार काय? कापड फाटलं नाही तर नळी वाकेल. नळी जाड घेतली तर गाडीच्या अंगाला मारलेले स्क्रू पत्र्यासकट उपसून येतील. जोर कुठंतरी बाहेर पडणारच. सगळ्यात स्वस्त वस्तू फाटली तर त्यातल्या त्यात बरं. ती पडवी उन्हासाठी केलेली आहे, वादळासाठी नाही, आणि हे करणाऱ्यानंच लिहून दिलंय. पुतण्याकडून ते पुस्तक मागून घेऊन मी चष्मा लावून वाचलं. वारा वाढला की गुंडाळा, गाडी सोडून जाताना गुंडाळा, झोपताना गुंडाळा, वाऱ्यानं झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. स्वच्छ लिहिलंय. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेलं नव्हतं. कर्जाच्या कागदावर न वाचता सही करणारे चाळीस वर्षं बघितले मी. शिकलेलेच जास्त.

माझी भाची मेलबर्नला असते, तिनं फोटो बघून मला वेगळं लिहिलं. तिकडे त्यांच्या कॅम्पमध्ये रात्री झोपायच्या आधी बाकीचं काही राहिलं तरी चालतं, पडवी गुंडाळायची राहत नाही. एखाद्याची उघडी दिसली तर शेजारचा अनोळखी माणूस येऊन दार वाजवतो. आपल्याकडे शेजाऱ्यानं बांधावरून सांगितलं तर आपण चहा होऊ दे म्हणतो.

हे सगळं परदेशी आहे, आपल्याला नवीन आहे, असंही म्हणू नका. नवीन काही नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, म्हणजे १९६० च्या आसपास. आप्पा पौष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगराला यल्लम्माला बैलगाडी जुंपून जायचे. काकतीहून बेळगाव, पुढं बैलहोंगलच्या वाटेनं, मुक्काम करत करत. निपाणी-कोल्हापूरकडच्याही गाड्या असायच्या, रांगच्या रांग. मुक्कामाला बैल सोडले की आप्पा गाडीच्या साट्याला ताडपत्रीचं एक टोक बांधायचे, दुसरं टोक पुढं दोन काठ्यांवर. त्याखाली चूल, अंथरुणं, आम्ही पोरं. कॅम्परच की ती, बैल लावलेली! त्या दिवसांत उगवतीचा कोरडा वारा असतो. आप्पा गाडी सोडायच्या आधी मूठभर माती उडवून बघायचे आणि गाडीची पाठ वाऱ्याकडे करूनच बैल सोडायचे. सावलीचं नंतर बघू म्हणायचे. ताडपत्रीची पुढची कड कमरेएवढीच उंच. आई कुरकुरायची, वाकून वाकून पाठ गेली म्हणून. दोर बांधताना गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. मी एकदा मोठ्या हौसेनं घट्ट दुहेरी गाठ मारली तर माझ्या पाठीत धपाटा बसला. 'बांधतोस ते सोडायसाठी बांध' म्हणाले. आणि रात्री निजायच्या आधी ताडपत्री उतरवून, घडी घालून उशाला. थंडी वाजली तर घोंगडं. आमच्या मुक्कामाशेजारी धनगरांची पालं असायची, ती तर याहूनही बुटकी, रांगत आत जायचं.

आप्पा चौथी शिकलेले. त्यांना वर्ग आणि ०.६ माहीत नव्हतं. पण त्यांच्या एका ताडपत्रीवर आम्ही तीन भावंडं वाढलो, आणि शेवटी ती बैलांच्या गोठ्यावर गेली तेव्हाही कुठं फाटलेली नव्हती.

बरं, आता कुणी म्हणेल, काका, नुसत्या शिव्या घालू नका, करायचं काय ते सांगा. सांगतो. पहिलं म्हणजे गुंडाळणं. त्याला दोन मिनिटं लागतात, त्या दिवशीनंतर मी घड्याळ लावून बघितलं. केव्हा गुंडाळायचं? १८०५ साली बोफर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानं वाऱ्याच्या पायऱ्या लावून ठेवल्यात, पुढं त्यांना जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले, बारक्या फांद्या हलल्या, की चौथी पायरी, ताशी वीस ते अठ्ठावीस किलोमीटर. तिथंच गुंडाळायचं. छोटी झाडं डोलायला लागली की पाचवी, तोवर उशीर झाला. आमच्या वेळी कागदी ताटली उडाली ना, ती चौथी पायरी. तेव्हासुद्धा सगळे हात हँडलकडे गेले असते तर कदाचित निम्मं तरी गुंडाळून झालं असतं. हात चहाचे कप सावरत होते.

साध्या वाऱ्यात उघडी ठेवायची असेल तर तीही नीट ठेवा. त्या तारेच्या मेखा फेकून द्या. लोहाराकडून हातभर लांबीच्या लोखंडी करून घ्या, आणि उभ्या नाही, तिरक्या ठोका, डोकं पडवीपासून लांब कललेलं. उभी मेख दोर ओढला की वर सरकते, तिरकी जमिनीला धरते. नांगरटीत मेख ठोकून काही उपयोग नाही, घट्ट जमीन बघा, आणि पाऊस पडून गेला की परत एकदा ठोका, कारण ओली माती पकड सोडते. नुसते पाय बांधून भागत नाही. एक रुंद पट्टा कापडाच्या वरून, एका मेखेपासून दुसऱ्या मेखेपर्यंत टाकायचा, मध्ये स्प्रिंग असेल तर उत्तम, म्हणजे झटका आला तर पट्टा देतो, तुटत नाही. कापड फडफडू देऊ नका. एका जोराच्या झटक्यापेक्षा तासभराच्या फडफडीनं शिवण जास्त उसवते. कडेला धरून ठेवणारे चिमटे मिळतात, ते लावा. झाडाला दोर बांधू नका, झाड हलतं, गाडी हलत नाही, मध्ये कापड फाटतं. बाजूला पडदे लावून खोली करायची हौस वाऱ्याच्या दिवसांत करू नका, ते शीड होतं. आणि ओले टॉवेल, दिव्यांच्या माळा त्याच्यावर लटकवू नका, आयत्या वेळी ते काढण्यातच दोन मिनिटं जातात. सूनबाईंनी माळा लावल्या होत्या. छान दिसत होत्या, तेही खरं.

पाण्याचंही तसंच. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाऊस निथळतो. सपाट ठेवलं तर मध्ये पोट सुटतं. एका चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साठलं तर पन्नास किलो झालं, आणि ते पोट वाढतच जातं.

आणि हे सगळं करूनही ढग चढलेला दिसला तर गुंडाळा. पट्टे आहेत म्हणून बसून राहू नका. पट्टे सावरायला वेळ मिळावा म्हणून असतात. बँकेत कर्जाला तारण घेतो, म्हणून काही बुडणाऱ्याला कर्ज देत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि याच्यासाठीच मी लिहायला बसलो. उशीर झालाच, वारा शिरलाच, कापड उचललं गेलंच, तर कृपा करून त्याला लोंबकळू नका. सोडा. माणसं बाजूला घ्या, पोरं आणि म्हातारी आधी, गाडीच्या दुसऱ्या अंगाला. आपल्याकडे मंडप हलायला लागला की दहा पुरुष धावून खांब धरतात. त्यात मर्दुमकी वाटते. धातूचा खांब, वर विजा चमकताहेत, आणि शेकडो किलोचा जोर. धरलेला खांब हातातून सुटतो तेव्हा तो फिरतो, आणि कुणाला लागेल सांगता येत नाही. आमच्याकडे पोरीला लागला. व्याह्यांनी तो धरलाच नसता, तर पडवी सरळ टपावर गेली असती आणि कुणाला काही झालं नसतं, असं माझं मत आहे. त्यांना तोंडावर म्हणालो नाही. त्यांनी ती रात्र दवाखान्याच्या बाकावर बसून काढली, माणूस वाईट नाही.

काही जण म्हणतील, एका गाडीच्या कापडावरून म्हातारा एवढा का पेटलाय? तर २३ जून २०१९ ला राजस्थानात तेव्हा बाडमेर जिल्ह्यात असलेल्या जसोलला रामकथा चालू असताना वादळात मंडप उडाला आणि कोसळला, निदान चौदा माणसं गेली. कथा ऐकायला आलेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वळवाच्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, सतरा माणसं गेली. १२० बाय १२० फूट, जिथं महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. दोन्ही वेळा अनेकांच्या तोंडी वादळच होतं. घाटकोपरला निदान फुटपट्टी लावल्यावर माप निघालं. लग्नाच्या मंडपांना फुटपट्टी कोण लावतो? मंडपांना आगीपासून जपण्यासाठी भारतीय मानक आहे, ८७५८ नंबरचं. डबवालीच्या शाळेच्या मंडपाला १९९५ साली आग लागून चारशेच्या वर जीव गेले, तेव्हापासून आगीचं निदान बोलतात तरी. वाऱ्याचं कुणी विचारतच नाही. आपल्या बेळगाव भागात एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि तोच वळवाचा हंगाम. हॉल महाग म्हणून, नाहीतर दारात मंडप हवा म्हणून, आपण कापड ताणतो, झालरी लावतो, आणि मंडपवाल्याला 'सावली दाट पाहिजे' एवढंच सांगतो. मेखा किती, कुठं, हे विचारणारा यजमान मी अजून बघितला नाही. मीही माझ्या मुलीच्या लग्नात विचारलं नव्हतं.

आणि त्या दिवशीचंही माझं मी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पुतण्याच्या माथी सगळं मारून मोकळा झाला. मला ढग दिसला होता. मला शेजाऱ्याचं कन्नड कळलं होतं, पुतण्याला कळलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, आणि त्यानं पाच मिनिटं मागितली तर दिली. का? त्याच्या सासऱ्यांसमोर म्हातारा कटकट करतोय असं दिसू नये म्हणून. हँडल माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं. मी उठून ते फिरवू शकलो असतो, कुणी मला हात धरून बसवलं नसतं.

तेव्हा इथं ज्यांनी 'निसर्गापुढे काय चालणार' असं लिहिलंय, त्यांनी निदान ते वाक्य खोडावं, एवढं माझं म्हणणं आहे. वारा होता ताशी साठ-सत्तरचा असेल. काकतीच्या डोंगराला तो दर मे महिन्यात येतो, शेजाऱ्याच्या शेळ्या त्याच्या आधी दहा मिनिटं गोठ्यात गेल्या होत्या.

पोरीचे टाके निघालेत. भुवईवर खूण राहील असं डॉक्टर म्हणाले. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं मला विचारलं, 'आजोबा, ताटली सापडली का?' नाही सापडली. पुतण्या नवीन कापड बसवून दसऱ्याला येतो म्हणालाय. मी लोहाराकडून आठ मेखा करून घेतल्यात, घरी दाराआड ठेवल्यात. बांधावरची घट्ट जागाही बघून ठेवलीय.